अपघातानंतर मुलाला पुन्हा सायकलवर आणताना

मुलाला रस्त्यात गाडीचा धक्का लागला की घरातल्या सायकलचं दोनपैकी एक होतं. एक तर ती माळ्यावर जाते, नाहीतर ‘पडल्याशिवाय कोणी शिकलंय का’ म्हणत प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच रविवारी पोराला पुन्हा त्याच रस्त्यावर काढलं जातं. दोन्हीकडे एक काम राहून गेलेलं असतं. नेमकं काय झालं होतं, हे कोणी नीट बघितलेलंच नसतं. ‘मागून गाडी आली’ एवढ्यावर चौकशी थांबते. पण मागे न बघता उजवीकडे वळल्यामुळे बसलेली धडक वेगळी आणि उभ्या गाडीचं दार अंगावर उघडल्यामुळे बसलेली वेगळी. पहिल्या ठिकाणी मुलाला मागे बघायची सवय लावावी लागते, दुसऱ्या ठिकाणी गाड्यांपासून एक मीटर लांब राहायची. नुसती हिंमत देऊन या दोन्हीतलं काहीच होत नाही.

पुढचं सगळं साधारण सात ते तेरा वर्षांची मुलं आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर, ठाणे अशा शहरांतले रस्ते डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे.

सायकलच्या आधी मूल

डोक्याला मार लागला असेल तर पहिले ४८ तास मुलाला एकटं सोडू नका. पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, नेहमीसारखी जाग न येणं, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, नाकातून किंवा कानातून पाणी वा रक्त येणं, झटका येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

डोक्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पोटाकडे जात नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. सायकल पडताना पुढचं चाक आडवं वळतं, हँडलचं एक टोक वर येतं आणि मूल त्या टोकावर पोटानं आदळतं. अंगावर खरचटलेलंसुद्धा नसतं. शर्ट वर केला तर पोटावर नाण्याएवढा गोल लालसर ठसा दिसतो, कधी तोही नसतो. आत मात्र यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते आणि तिची लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही येतात. पोट दुखणं, उलटी, चेहरा पांढरा पडणं, वाकून चालणं, काही न लागता डावा खांदा दुखणं, ही ती लक्षणं. ठसा दिसला तर दुखत नसलं तरी दाखवून या आणि डॉक्टरांना ‘सायकलवरून पडला’ असं न सांगता ‘हँडलचं टोक पोटात लागलं’ असं सांगा. या दोन वाक्यांवर होणारी तपासणी सारखी नसते.

डोक्याच्या दुखापतीनंतर सायकलवर परत कधी बसायचं, हे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितल्याशिवाय ठरवू नका. पहिली इजा पूर्ण भरलेली नसताना डोक्याला दुसरा मार बसणं फार वाईट. हाताच्या फ्रॅक्चरमध्ये प्लास्टर निघणं म्हणजे परवानगी नव्हे. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर घरी एक चाचणी करा. सायकल स्टँडवर उभी करायची, मुलाला बसवायचं आणि दोन्ही ब्रेक दहा वेळा पूर्ण दाबायला सांगायचे. सातव्या-आठव्या वेळी तोंड वाकडं होत असेल, तर तो हात अजून ब्रेकचा झालेला नाही.

कागद आणि पुरावे

हा भाग थोडक्यात, पण उशीर केला तर हातातून जातो. अपघाताच्या जागी ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. गाडीचा नंबर, गाडी आणि सायकल दोन्ही हलवण्याआधीचे फोटो. रुग्णालयात हा रस्ते अपघात असल्याची नोंद करून घ्या. पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीला टाकू नका आणि फुटलेलं हेल्मेट फेकू नका. आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, त्यामुळे पोलिसांकडे त्याची मागणी पहिल्या एक-दोन दिवसांतच लेखी द्या. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत आहे. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये भरपाई मिळते. आणि मे २०२५ पासून मोटार वाहनामुळे जखमी झालेल्याला, नेमून दिलेल्या रुग्णालयांत, सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद आहे. रुग्णालयात पैसे भरायच्या खिडकीवर जाण्याआधी हे विचारायचं.

त्या दहा सेकंदांचा नकाशा

दुखणं ओसरलं, मूल मोकळेपणानं बोलू लागलं, की एक कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन शेजारी बसा. रस्ता त्याला काढू द्या. मग सायकल, मग गाडी. ‘असं का केलंस’ हा प्रश्न पूर्ण टाळायचा, कारण त्याचं उत्तर फक्त ‘माहीत नाही’ येतं. विचारायचं ते असं: तू कुठे बघत होतास? गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा ती कुठे होती? पुढे काय करायचं ठरवलं होतंस? मूल थांबलं तर आपणही थांबायचं, उरलेलं दोन दिवसांनी.

मग आपण एकट्यानं त्या जागी जायचं. तोच वार, तीच वेळ, पायी. पंधरा-वीस मिनिटं उभं राहायचं आणि एकदा गुडघ्यात वाकून डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत आणायचे. वीस इंची चाकांच्या सायकलवर बसलेल्या मुलाचे डोळे तिथे असतात. आपल्याला उभ्या गाडीच्या बोनेटवरून पलीकडचा रस्ता दिसतो. त्याला बोनेट दिसतं. उभी गाडी मोठी असेल तर येणाऱ्या गाडीवाल्यालाही ते मूल अजिबात दिसत नाही. बऱ्याच घरांत ‘एवढी मोठी गाडी याला दिसली कशी नाही’ हा प्रश्न इथेच सुटतो.

आपल्याकडे मुलांचे सायकल अपघात साधारण पाच-सहा प्रकारांत येतात. तुमच्या नकाशावरचा कोणता, ते ओळखा.

सगळ्यांत नेहमीचा म्हणजे सोसायटीच्या फाटकातून किंवा गल्लीतून थेट मुख्य रस्त्यावर येणं. याचा हिशेब मुलालाही खडूनं जमिनीवर आखून दाखवता येतो. ताशी ४० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. चालकाला मूल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे ११ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ९ मीटर. एकूण वीस मीटर. ताशी ३० असेल तर हेच अंतर १३-१४ मीटरवर येतं. फाटकातून बाहेर पडणारी सायकल सेकंदाला तीन मीटर पुढे येते. म्हणजे चालक कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही. वर आणखी एक अडचण आहे. दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांना समोरची गाडी किती लांब आहे हे बऱ्यापैकी कळतं, पण ती किती वेगात येतेय याचा अंदाज कच्चा असतो. म्हणून ‘बघून ये’ पुरत नाही. नियम दोन थांब्यांचा: पहिला थांबा फाटकात, पाय जमिनीवर. मग सायकल हातात धरून उभ्या गाड्यांच्या बाहेरच्या कडेपर्यंत यायचं, तिथे दुसरा थांबा. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि गाडी दिसत असेल तर ती जाईपर्यंत उभं राहायचं. ‘तेवढ्यात जाऊ’ हा निर्णय या वयात मुलावर सोपवायचाच नाही.

दुसरा प्रकार उभ्या गाडीच्या दाराचा. गाडीचं दार पूर्ण उघडलं की सुमारे एक मीटर रस्त्यात येतं. आपण मुलांना ‘अगदी कडेनं चालव’ सांगतो आणि नेमकं त्या दाराच्या टप्प्यात ढकलतो. उभ्या गाड्यांची रांग असेल तर तिच्यापासून एक मीटर अंतरावरून, सरळ रेषेत जायचं. दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत शिरून पुन्हा बाहेर येणं सगळ्यांत वाईट, कारण मागच्या गाडीवाल्याला मूल नाहीसं होऊन एकदम समोर आल्यासारखं दिसतं. गाड्या नसतील तिथेही कडेपासून पाऊण मीटर सोडायचं. कडेला जाळ्या, वाळू, चेंबरची झाकणं आणि काँक्रीट-डांबराची उंच-सखल धार असते. त्या धारेत चाक समांतर अडकलं की सायकल रस्त्याच्या बाजूला पडते, कडेच्या नाही.

तिसरा प्रकार बस, ट्रक, पाण्याचा टँकर, काँक्रीट मिक्सर यांच्या डाव्या अंगानं पुढे जाणं. सिग्नलला मोकळी जागा तिथेच दिसते आणि मूल त्यातून सरकतं. मोठ्या गाडीच्या चालकाला डाव्या बाजूचं जवळचं काहीच दिसत नाही, आणि गाडी डावीकडे वळली की मागची चाकं पुढच्यांपेक्षा आत येतात. इथे पर्याय ठेवायचा नाही. मोठ्या गाडीच्या मागेच उभं राहायचं, आरशात चालकाचा चेहरा दिसेल एवढं मागे. थांब्यावरच्या बसला वळसा घालून पुढे जायचं नाही, ती सुटेपर्यंत थांबायचं. हात दाखवताच कडेला येणाऱ्या रिक्षालाही हेच लागू.

चौथा, उजवं वळण. याबद्दल माझं मत ठाम आहे: तेरा वर्षांखालच्या मुलानं वाहत्या रस्त्याच्या मध्यावर येऊन उजवीकडे वळूच नये. सरळ पुढे चौक ओलांडायचा, कडेला उतरायचं, सायकल हातात घेऊन झेब्रा पट्ट्यावरून रस्ता ओलांडायचा. दीड मिनिट जास्त लागतं.

पाचवा प्रकार आपल्याकडचा खास, उलट्या दिशेनं कडेकडेनं येणारी दुचाकी. मोठा माणूस उजवीकडे सरकून तिला वाट देतो. मूल तसं करतं तेव्हा मागून येणाऱ्या गाडीच्या वाटेत जातं. चूक त्या दुचाकीवाल्याची असते हे खरं, पण मुलाला शिकवायचं ते वेगळं: समोरून कोणी आलं की ब्रेक, डावा पाय कडेला टेकवायचा आणि उभं राहायचं. उजवीकडे झुकायचं नाही. उभ्या सायकलला तो वळसा घालून जातोच.

सायकल तपासताना

धडकेनंतर सायकल ‘चालतेय ना’ म्हणून परत वापरात घेऊ नका. काही गोष्टी स्वतः बघता येतात.

बाजूनं उभं राहून पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, बघा. हँडलखालच्या नळीची रेघ जशी खाली येते, त्याच रेघेत चिमट्याचा वरचा भाग आला पाहिजे. पुढचं चाक फ्रेमच्या तिरक्या पाइपच्या पूर्वीपेक्षा जवळ आलं असेल, पायडल फिरवताना बुटाचा पुढचा भाग चाकाला लागत असेल, तर चिमटा मागे वाकलाय. दुकानात तो ठोकून सरळ करून मिळेल. घेऊ नका. एकदा वाकून सरळ केलेला धातू त्याच जागी कमजोर होतो आणि पुढच्या मोठ्या खड्ड्यात तुटू शकतो. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तो प्रश्नच नको. नवा चिमटा बसवा. हँडलच्या नळीला जिथे फ्रेमचे पाइप जोडलेत, तिथे खालून बोट फिरवून रंगाला सुरकुती किंवा चीर लागते का बघा. लागली तर ती सायकल संपली.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. ‘टक-टक’ जाणवलं तर हँडलची बॉलरेस, म्हणजे हँडल ज्या छर्‍यांवर फिरतं ती बैठक, सैल आहे. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराशेजारची फट बघा. रिम दोन मिलीमीटरपेक्षा जास्त डुलत असेल तर दुकानात ‘आउट’ काढून, म्हणजे तारा ताणून रिम सरळ करून घ्या. चाकाचे नट पान्यानं तपासा. आणि हँडलची टोकं बघा. पडताना रबरी ग्रिप फाटून आतला पाइप उघडा पडलेला असतो. पोटाच्या इजेबद्दल वर जे सांगितलं, ते अशा उघड्या पाइपानं कितीतरी वाईट होतं. ग्रिपची जोडी फार महाग नसते, ती त्याच दिवशी बदला.

ब्रेकचं जरा सावकाश. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तरी एकदा दाबून खात्री करा. मुलाला नेहमीसारखं बसवा, हात ग्रिपवर. मनगट न हलवता पहिलं पेर ब्रेकच्या पट्टीवर पूर्ण वळतं का? बऱ्याचदा फक्त बोटाचं टोक पोचतं, आणि घाबरल्यावर मूल दाबतं तेव्हा बोट घसरतं. पट्टीच्या मुळाशी, ग्रिपकडच्या बाजूला, बहुतेक सायकलींना एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की पट्टी ग्रिपच्या जवळ येते. अर्धा-अर्धा फेरा फिरवत बोट नीट बसेपर्यंत आणा, मग केबल त्या मानानं जुळवून घ्या. पूर्ण दाबल्यावर पट्टी आणि ग्रिप यांत मुलाची दोन बोटं मावतील एवढी फट राहिली पाहिजे. शेवटी, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं जायला हवं. मागचा दाबून ढकला, चाक न फिरता घासत जायला हवं. ही चाचणी मुलाच्या हातानं करायची. तुमच्या मुठीच्या जोरावर कुठलाही ब्रेक लागतो.

सीट पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी नेहमीपेक्षा दोन सेंटीमीटर खाली. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात, ही खात्री शरीराला मिळाली की खांदे सैल पडतात. दप्तर पाठीवर नको, कॅरिअरवर घट्ट बांधा आणि दोरीचं टोक लोंबू देऊ नका. पंचवीस किलोच्या मुलाच्या पाठीवर पाच किलो असेल तर मागे वळून बघताना तेच वजन त्याला ओढून नेतं.

हेल्मेट

धडक बसलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही, वरून कोरं करकरीत दिसलं तरीही. आतला थर्माकोलसारखा फेस एकदाच दबतो. आतलं अस्तर काढून उजेडात बघितलं तर कधी केसासारखी भेग दिसते, कधी नुसता चपटा झालेला भाग. दोन्ही नसले तरी तो फेस वापरला गेलेला असू शकतो.

नवं घेताना मोटरसायकलचं छोटं हेल्मेट घेऊ नका. ते मुलाच्या मानेला जड होतं आणि उन्हात मूल ते काढूनच टाकतं. सायकल हेल्मेटवर ‘ईएन १०७८’ (युरोपातलं मानक) किंवा ‘सीपीएससी’ (अमेरिकेतलं) हा शिक्का बघा. भुवयांच्या बोटभर वरून टेप गुंडाळून डोक्याचा घेर मोजा आणि सेंटीमीटरच्या मापानं घ्या, ‘वाढत्या अंगाचं’ नको. पुढची कड भुवयांपासून दोन बोटं वर, कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही, हनुवटीखाली एक बोट मावेल एवढी जागा. पट्टा न लावता डोकं खाली करून हलवायला सांगा, हेल्मेट पडता कामा नये. शेंडी किंवा आंबाडा असेल तर हेल्मेट मागून वर उचललं जातं, वेणी खाली मानेशी घाला. सायकलवरून उतरून झोक्यावर किंवा घसरगुंडीवर जाताना मात्र हेल्मेट काढायला लावा. पट्टा अडकून गळ्याला फास बसू शकतो.

एक गोष्ट स्पष्ट हवी. ईएन १०७८ ची मुख्य चाचणी ताशी सुमारे वीस किलोमीटरच्या आघाताची असते. म्हणजे हेल्मेट सायकलवरून डोक्यावर पडण्यासाठी आहे. चाळीसच्या वेगातल्या गाडीपुढे त्याच्या भरवशावर मुलाला सोडता येत नाही. तिथे रस्ता निवडणं हाच उपाय.

भीती, आणि मैदान

अपघातानंतर काही आठवडे मूल हॉर्ननं दचकतं, ती जागा टाळतं, रात्री उठून बसतं. हे होतं, आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही झोप, शाळा, खाणं बिघडलेलं असेल, तर समुपदेशकाकडे जा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. ‘काही नाही झालं’ असं मुलाला सांगू नका. झालेलं असतं. आणि आपल्याला स्वतःला धडधडत असेल तर पहिल्या फेऱ्यांना घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. मागून येणाऱ्या माणसाचा घाबरा आवाज मुलाला लगेच कळतो.

सुरुवात मैदानावर, वीस मिनिटं, जास्त नाही. नकाशावर जे चुकलं होतं त्याचाच सराव जास्त.

खडूनं दहा मीटर लांब, तीस सेंटीमीटर रुंद पट्टा आखा, त्यातून बाहेर न जाता हळू चालवायचं. हळू चालवणं अवघड असतं, तेच शिकायचं. मग त्याच पट्ट्यात एक हात सोडून. मग मागे बघणं: तुम्ही पाच मीटर मागे उभे राहून बोटं दाखवा, मुलानं उजव्या खांद्यावरून बघून आकडा सांगायचा आणि पट्टा सोडायचा नाही. सुरुवातीला सगळीच मुलं मानेबरोबर हँडल वळवतात. हनुवटी खांद्याला टेकवायची आणि उजवं कोपर सैल ठेवायचं, एवढं सांगितलं की दहा-बारा प्रयत्नांत जमतं. वाहत्या रस्त्यावर उजवीकडे सरकण्याआधीची हीच एक कृती आहे, ती न सांगता, न चुकता व्हायला हवी.

मग थांबणं. वेगात यायला सांगा, अचानक ‘थांब’ म्हणा. दोन्ही ब्रेक एकदम, बूड मागे, कोपरं ताठ. पहिल्यांदा फक्त मागचा ब्रेक दाबून बघू द्या, मग दोन्ही, आणि दोन्ही वेळचं अंतर पावलांनी मोजू द्या. फरक स्वतः मोजला की पुढच्या ब्रेकची भीती जाते. ओल्या जमिनीवरही एकदा मोजा. स्टीलच्या चकचकीत रिमला पावसात रबर धरतच नाही, अंतर कितीतरी वाढतं.

रस्त्यावर

मैदानानंतर सोसायटीतला रस्ता, मग रविवारी सकाळी साडेसहाची शांत गल्ली, मग शाळेचा रस्ता सुट्टीच्या दिवशी. प्रत्येक पायरी तीनदा सहज झाली की पुढची. हात थरथरले, गप्प झालं, वारंवार लघवीला जायचं म्हणू लागलं, तर एक पायरी मागे, त्यावर काही न बोलता. अपघाताची जागा शेवटून दुसरी: आधी पायी, मग सायकल हातात धरून, मग निवांत वेळी चालवत, मग नेहमीच्या गर्दीत. ती जागा कायमची टाळली तर ती मनात मोठी होत जाते. पण ती खरोखरच वाईट असेल, तर मात्र मार्ग बदला आणि कारण मुलाला सांगा.

मार्ग निवडताना किलोमीटर बघू नका. उजवी वळणं किती, उभ्या गाड्यांची रांग किती लांब, फाटकं किती, हे मोजा. पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला आणि काही रस्त्यांवर ट्रॅक आहेतही, पण ट्रॅक आहे म्हणून डोळे मिटून जाता येत नाही. तो चौकात संपतो, मध्येच त्यावर दुचाकी उभी असते, आणि मूल रस्त्यावर उतरतं ती जागा सगळ्यांत धोक्याची. ट्रॅक कुठे संपतो ते आधी चालून बघा.

मोठ्या माणसानं मागे राहायचं, पुढे नाही. पुढे गेलेल्या आईबाबांना मूल दिसत नाही आणि त्यांना गाठायच्या नादात ते सिग्नल तोडतं. मुलाच्या मागे एक सायकलभर अंतर आणि त्याच्यापेक्षा अर्धा मीटर उजवीकडे, म्हणजे मागची गाडी आधी तुम्हाला वळसा घालते. चौकाजवळ पुढे येऊन त्याच्या उजव्या अंगाला उभं राहायचं. दोन मोठे असतील तर एक पुढे, एक मागे. एक मोठा आणि दोन मुलं असतील तर नवखं मूल तुमच्या लगेच पुढे.

शब्द आधीच ठरवा, चार पुरे: ‘थांब’, ‘हळू’, ‘सरळ’, ‘खड्डा’. ‘अरे अरे!’ किंवा नुसती नावानं हाक मारू नका. हाक ऐकली की मूल मागे वळून बघतं, आणि नजर जाते तिकडे सायकल जाते. काय करायचं तेच सांगायचं, ‘गाडी बघ’ म्हणण्याऐवजी ‘सरळ’. इतर वेळी मागून शिकवत बसू नका, ते घरी.

दिसण्यासाठी दिवसाही पोपटी किंवा केशरी शर्ट, आणि मागे दीड मीटर उंचीच्या काडीवर केशरी झेंडा, जो उभ्या गाड्यांच्या वर दिसतो. पायडलवर परावर्तक असू द्या, वर-खाली हलणारा ठिपका चालकाला लांबून सायकल म्हणून कळतो. अंधारात मूल रस्त्यावर नेऊ नका. संध्याकाळ झालीच तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. पहिल्या पावसाच्या दिवशीही नको: रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून साबणासारखी होते, झेब्रा पट्टे आणि लोखंडी झाकणं त्याहून निसरडी. नंतरच्या पावसात डबक्यातून चालवायचं नाही, खाली काय आहे ते दिसत नाही.

एकट्यानं सोडायचं ते वयावरून ठरवू नका. एक काम करा. तुम्ही मागे राहून पूर्ण गप्प, आणि मुलानं मोठ्यानं बोलत जायचं: ‘गाडीत माणूस बसलाय, लांबून जाते’, ‘बस सुटेपर्यंत थांबते’, ‘इथे फाटक आहे’. अशा दहा फेऱ्यांत तुम्हाला एकदाही ‘थांब’ म्हणावं लागलं नाही, तर पहिला एकट्याचा तुकडा द्या. घरापासूनचे पहिले तीनशे मीटर नव्हे, परतीच्या वाटेवरचे शेवटचे. त्यात उजवं वळण नको, आणि कोपऱ्यावर उभं राहून मूल फाटकात शिरेपर्यंत तुम्हाला दिसत राहील असा तो तुकडा हवा.